बरं होण्याची सावड

वैनी, तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळं वडिवळे गाव बाहेर मांडवात बसलं होतं आणि मी आत, तुझ्याच खोलीत, तुझ्याच लाकडी फळीवर उताणी पडले होते. सख्खी नणंद, आणि कार्यक्रमाला बसता येत नाही. तुला मजा वाटली असती. "मास्तरीनबाई असून तुमीच वर्गाबायेर व्हय वन्सं?" असं काहीतरी नक्की म्हणाली असतीस. पांढरी साडी नेसवून, दोन्ही बाजूंनी धरून मला त्रिशरण-पंचशीलापुरतं उभं केलं, तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावू दिली आणि परत आणून आडवं केलं. त्यानंतर मी नुसती ऐकत होते.

आणि काय ऐकत होते, तर तुझी पाठ बरी झाली होती. जो बोलायला उठला तो फिरून फिरून तेच बोलला. विहारात वर्षावासाचं वाचन करतात ते गुरुजी माइक हातात घेऊन म्हणाले, "वत्सलाबाईंचं जुनाट दुखणं विज्ञानानं बरं केलं होतं. यंदाची लावणी त्यांनी ताठ पाठीनं केली." भाताची लावणी ताठ पाठीनं कशी करतात ते गुरुजींनाच ठाऊक. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, की हे खरं नाही. पण ओरडायचं तर श्वास भरून घ्यावा लागतो, आणि श्वास भरला की माझ्या कंबरेतून कळ निघते ती थेट टाचेत उतरते. शिवाय मांडवात दादा बसला होता. म्हणून मी तुझ्या खोलीचे वासे बघत गप्प पडून राहिले. तू गेल्यापासून माझं हे असंच चाललंय बघ. हलता येत नाही, पाठीनंही आणि तोंडानंही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होते. लावणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकीला खाचरात उतरावं लागायचं, परीक्षा असो नाहीतर काही असो. माझ्या वाट्याची ओळ तू लावायचीस. तुझी एक ओळ, माझी एक ओळ, आणि मी बांधावर इरलं पांघरून धडे घोकत बसायची. आई आरडाओरडा करायची. तू वर न बघताच म्हणायचीस, "आत्याबाय, असू द्या. त्यांची ओळ मी लावते, माजं वाचायचं काम त्या करतील." मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, लोणावळ्यात राहायला आले, लोक मला बाई म्हणू लागले. त्या सगळ्याच्या खाली तुझी वाकलेली पाठ आहे. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. तू मला बोलू दिलंच नसतंस, चहा ठेवायला उठून गेली असतीस.

मग दोघींच्या पाठी एकाच सुमाराला गेल्या. तुझी चिखलात वाकून, माझी फळ्यापुढं उभी राहून आणि स्कूटरवरून खड्डे खाऊन. मी तर पाठीपायी नोकरी मुदतीआधीच सोडली. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, की जास्त कुणाची दुखते. मी म्हणायची, माझ्या मणक्यांतल्या दोन चकत्या गेल्यात, तुझी एकच. तू म्हणायचीस, "माजी येकच हाय, पर शेतकऱ्याची हाय." दिवाळीला मी माहेरी आले की आपण दोघी ओसरीवर शेजारी शेजारी आडव्या व्हायचो, गुडघे वर करून, आणि दादा म्हणायचा की घरात दोन बायका आहेत पण पाणी मीच भरतो. हसलं की दुखायचं, तरी आपण हसायचो.

पुण्याच्या त्या हॉस्पिटलचा पत्ता मीच काढला. तुला सोबत म्हणून नेलं होतं, तपासायला नव्हे. तिथली डॉक्टर मॅडम किती लहान वाटली होती आपल्याला. तिनं कागदावर मणके काढून दाखवले. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिच्यात मऊ गर असतो, तो वाळत जातो, गादी बसते, मग शिर दाबली जाते. तुमच्याच कंबरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सुईनं त्या वाळलेल्या गादीत सोडायच्या. तिनं हेही स्वच्छ सांगितलं होतं, की हा अजून अभ्यास आहे, इलाज नाही. काहींना बरं वाटेल, काहींना नाही वाटणार. ते समजावं म्हणून तर तुम्हाला वरचेवर बोलावून विचारणार. तू सगळं ऐकून घेतलंस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "म्हंजे माजंच माज्यातनं काडनार आन मलाच परत देनार. मंग त्यांचं काय ग्येलं?"

शेवटी तिनं दोघींनाही तपासलं. पहिल्या तुकडीत तुझं नाव लागलं, माझं नाही. तुझी एकच चकती गेली होती, म्हणून तू चाललीस. माझ्या दोन, म्हणून मी दुसऱ्या तुकडीत, आणि ती दुसरी तुकडी पहिलीचा निकाल चांगला आला तरच. मी तुझ्यावर रुसले होते, आठवतंय? पत्ता माझा, डॉक्टर माझी, आणि नंबर तुझा. तू मला भाताच्या लोंब्यांचं तोरण पाठवलंस आणि निरोप धाडलास, की वन्संना म्हणावं, आधी माझ्यावर करून बघू देत, बिघडलं तर तुमची पाठ तरी वाचंल.

सुई टोचून आणली त्या दिवशीची गाडीतली गोष्ट मी आता रोज आठवते. तू मागच्या सीटवर आडवी, मी पुढं, दादा ड्रायव्हरशी बोलत होता. सोमाटण्याच्या पुढं कुठंतरी तू म्हणालीस, "डाक्टरीनबाईनं लय केलं. सोताच्या हातानं मला कुशीवर वळावलं. आता त्यांची सावड फेडली पायजे." मी हसले. मी तुला समजावलं, की अगं ही सावड नाही, हा त्यांचा अभ्यास आहे, तूच उलट त्यांना मदत करतेयस. तू म्हणालीस, "तुमाला न्हाई कळायचं. त्यांनी त्यांचं काम केलं. आता बरं व्हनं ह्ये माजं काम." मी म्हटलं, बरं होणं हे काय काम असतं का? कामशेत येईपर्यंत आपण तेवढ्यावर भांडत होतो. मग रेल्वेचं फाटक लागलं आणि विषय तिथंच राहिला. मला वाटलं होतं, तू गंमत करतेयस.

सावड म्हणजे काय ते वडिवळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. लोणावळ्यात मात्र माझ्या शेजारणींना सांगावं लागलं. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या तू सगळ्यांबरोबर माझ्यात यायचं. रोजगार नाही, हिशेब नाही, पण जिच्या शेतात सगळ्या उतरल्या ती दुसरीच्या शेतात उतरली नाही असं होत नाही. होऊच शकत नाही. त्या वर्षी तुला वाकायला बंदी होती, आणि गावच्या बायकांनी तुझी सगळी खाचरं लावून दिली. तू दारात खाटेवर पडून बघत होतीस. मी भेटायला आले तेव्हा तुझा चेहरा असा होता, की जणू तुला कुणी कोंडून घातलंय. मी विचारलं, दुखतंय का? तू म्हणालीस, "सगळ्या माज्या रानात राबाय लागल्यात आन मी हितं म्हशीगत पडलीय. दुखत न्हाई तर काय?" मला वाटलं, तू मनाचं बोलतेयस.

मग ते विचारायचे दिवस सुरू झाले. डॉक्टर मॅडम समोर बसायची आणि विचारायची, "मावशी, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज दहापैकी किती?" पहिल्यांदा तुला ते कळलंच नाही. मी मास्तरकी केली. सांगितलं, वैनी, ही परीक्षा उलटी आहे, हिच्यात जितके कमी तितकी तू हुशार. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "दोन." मॅडमचा चेहरा काय उजळला! तिनं पुन्हा विचारलं, खात्रीनं? वेदनेच्या गोळ्या घेता का काही? तू म्हणालीस, "छ्या, गोळी कशाला?" बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागलीस. "शाळंत तर कंदी ग्येले न्हाई. हितं तरी पयला नंबर येऊ द्या."

मी हसले, पण खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. घरी येऊन मी उशीत तोंड घालून रडले. तुझे दोन आणि माझे आठ. एकाच घरात दोन पाठी, आणि देवाघरचा न्याय बघा, असं मी म्हणाले, आपण देवाबिवाला मानत नाही तरी. पुढच्या वेळी तू इंद्रायणीचा नवा तांदूळ घेऊन गेलीस मॅडमसाठी. तिनं डबा उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. "मावशी, आज किती?" "दोन. म्हना तर दीडच." तुझ्या मणक्याची एमआरआयची नवी फिल्म बघून ती जरा थबकली होती. चित्रात फारसा फरक नव्हता. पण ती म्हणाली, चित्र काही का म्हणेना, माणसाला बरं वाटणं महत्त्वाचं. मला तेव्हा ते किती पटलं होतं.

यंदा तू लावणीला उतरलीस. मी मुद्दाम बघायला आले, इक्बालभाईंच्या रिक्षात मागं आडवी होऊन. धरणाच्या अंगाला सखूमावशीचं खाचर आहे ना, तिथं तू ओळीत होतीस. आवणाची मूठ डाव्या हातात, उजवा हात चिखलात, एकेक रोप खोवत मागं मागं सरत होतीस, पूर्वी माझी ओळ लावायचीस तश्शीच. मी रिक्षातूनच फोनवर तुझा व्हिडिओ घेतला. मॅडमला पाठवला तर तिचा लगेच फोन आला. आवाजात रडू होतं. ती म्हणाली, "बाई, हे बघायला मी आठ वर्षं शिकले." मी तुला हाक मारून ते सांगितलं. तू वाकलेली होतीस तशीच मान वळवून हसलीस. उठून उभी राहिली नाहीस. मला वाटलं, कामात आहे.

एकेका दिवशी एकेकीच्या शेतात, असं करत तू सगळ्यांची सावड फेडलीस. आणि लावणी संपल्यावरच्या रविवारी सागरचा फोन आला, "आत्या, आई रक्त ओकली. तळेगावला नेतोय." एवढंच बोलला पोर आणि फोन ठेवला.

माझं घर लोणावळ्यात, भुशी धरणाच्या रस्त्याला. पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्या दारापासून धरणापर्यंत गाडीला गाडी चिकटलेली. इक्बालभाईंनी मला उचलूनच रिक्षात घातलं. दोनशे पावलं गेलो नसू आणि अडकलो. पुढं मुंबईच्या गाड्या, मागं पुण्याच्या गाड्या, बाजूला भाजलेल्या कणसांच्या गाड्या. इक्बालभाई खाली उतरून हात जोडत होते, "दादा, थोडं बाजूला घ्या, पेशंट आहे." लोक रिक्षात डोकावून माझ्याकडे बघायचे आणि त्यांना वाटायचं की पेशंट मीच. एकानं तर मला पाण्याची बाटली दिली. समोरच्या मोठ्या गाडीच्या टपावर ओली माणसं नाचत होती, आणि मी सीटवर मुटकुळं करून फोन छातीशी धरून पडले होते. पुढं जाता येईना, मागं वळता येईना, उतरून चालता तर येतच नव्हतं. सागरचा दुसरा फोन तिथंच आला. वैनी, तू गेलीस तेव्हा मी त्या रस्त्यावर होते, आणि अजूनही बऱ्याचदा डोळे मिटले की तिथंच असते.

तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, की वेदनेच्या गोळ्या कधीपासून घेत होत्या? जठरात जखमा झाल्या होत्या, तिथून रक्त गेलं. सागर म्हणाला, "आई गोळी घेतच नव्हती." त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मला सखूमावशीनं सांगितलं. तुला अग्नी देऊन सगळे परत आले तेव्हा ती ओल्या लुगड्यानं माझ्या फळीशी येऊन बसली. म्हणाली, "मंदा, लय वंगाळ झालं. ती गोळी खाऊनच उतरायची गं खाचरात. उपाशीपोटी. येक सकाळी, येक भाकरीच्या वक्ताला, आन कवा कवा मधी बी. मी म्हनलं, वत्सले, नगं येऊस, तुजी सावड माफ केली आमी. तर म्हनली, सखूबाय, तुमची माफ कराल, डाक्टरीनबाईची कोन माफ करंल? दुखतंय म्हनलं तर त्यांचं नाक कापलं जाईल."

मग मला सोमाटण्याच्या पुढची गाडी आठवली, आणि सगळं एकदम कळलं. तुझे दोन, तुझे दीड, तुझं 'गोळी कशाला'. अगं, बरं होणं हेही तू फेडलंस. बायकांनी तुझ्या रानात घाम गाळला, तू त्यांच्या रानात गाळलास. डॉक्टरीणबाईनं तुझ्या पाठीवर कष्ट घेतले, तर तिच्या ओंजळीत तू तुझी बरी पाठ घातलीस, नव्हती तरी. मला इतका राग आला तुझा. अजूनही येतो. तुला कुणी मागितली होती गं ती फेड? तिला खरा आकडा हवा होता, तू तिला आनंद दिलास. आणि राग ओसरला की मला तुझा तो पदर सारखा करणारा हात दिसतो, आणि मी परत रडते.

हे कळलं आणि मी कोंडले गेले. कारण पुढच्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला, आणि तिला तू गेल्याचं ठाऊकच नव्हतं. ती उत्साहात होती. म्हणाली, "बाई, दुसरी तुकडी ठरली. तुमचं नाव आहे. पहिल्या तुकडीत माणसं मोजकी होती, एकाचा आकडा इकडचा तिकडं झाला तरी निकाल हलतो. मावशींमुळं आपण तरलो. कशा आहेत मावशी?" मी तुझ्या घरातच होते, दादा दारात बसला होता. मी सांगितलं, की ती गेली. मग तिनं हळूच विचारलं, "पाठ तरी शेवटपर्यंत..." मी म्हटलं, आल्यावर बोलू.

फोन ठेवला तसा दादा म्हणाला, "मंदे, सखूबाय तुला काय बोलली त्ये मला म्हाईत हाय. बायेर काडू नगंस. ती बरी हून ग्येली, येवढं ऱ्हाऊ दे माज्यापाशी." आयुष्यात त्यानं माझ्याकडं काही मागितलेलं नाही. माहेरची जमीनसुद्धा तो माझ्या नावावर करायला निघाला होता, मीच नको म्हटलं. त्यानं पहिल्यांदा मागितलं ते हे.

आता तूच सांग, मी कुठं जायचं होतं? खरं बोलावं तर दादाचं उरलंसुरलं जातं, मॅडमचं तोंड उतरतं, तुझा पहिला नंबर जातो. आणि माझी सुई जाते, वैनी. हे मी सगळ्यात शेवटी लिहितेय, पण रात्रंदिवस डोक्यात तेच सगळ्यात आधी होतं. मला उभं राहायचंय. मला माझ्या पायानं बाजारात जाऊन भाजी निवडायचीय. आणि गप्प बसावं तर तुझ्या दोनवर विसंबून उद्या कुणीतरी तुझ्यासारखी त्या टेबलावर पालथी होईल, आणि तिलाही दुखत राहील, आणि तिला वाटेल की सगळ्यांना बरं वाटलं, माझ्यातच काही खोट आहे. मीही तेच मानत होते ना, इतके दिवस? तुझ्या दोनापुढं माझे आठ मला माझा नादानपणा वाटायचा.

जायचा दिवस आला. मला दादाच घेऊन गेला. तीच गाडी, मागच्या सीटवर तुझ्या जागी मी. हॉस्पिटलात मॅडमनं मला बघितलं आणि तिचे डोळे भरले. मला कुशीवर वळवताना तिनं हात कसा लावला ते मला कळलं, आणि तुझं 'सोताच्या हातानं' मला कळलं. असा हात लावणाऱ्या पोरीला दुखतंय म्हणून सांगायचं म्हणजे खरंच जड जातं गं. दादा दाराशी स्टुलावर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. मॅडमनं समोर खुर्ची ओढली.

"बाई, आज दहापैकी किती?"

आणि माझं तोंड म्हणालं, "बरं आहे."

शपथ सांगते, मी नाही म्हणाले, ते आपोआप आलं. इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि माझ्या तोंडातून तुझाच आवाज निघाला. तिनं मान हलवली, आता ती लिहिणार, एवढ्यात मी म्हटलं, "थांबा. बरं नाही. आठ आहे. आणि वैनीला दोन नव्हतं. ती गोळ्या खात होती. रोज. तुमचं मन मोडू नये म्हणून तिनं सांगितलं नाही."

मी दादाकडं बघायचं टाळत होते. तर त्याचाच आवाज आला.

"गोळ्या मीच आनायचो, म्याडम. कामशेतातनं. संपल्या की ती नुस्तं मोकळं पाकीट माज्या हातात ठिवायची, काय बोलायची न्हाई. मी बी काय इचारायचो न्हाई. मला काय ठावं, त्यानं पोट फुटतं म्हनून."

म्हणजे 'बरी हून ग्येली' हे त्याला कशासाठी हवं होतं, ते मला तेव्हा समजलं. मला उठून त्याच्याजवळ जायचं होतं. जाता आलं नाही. मी पडल्या जागेवरून नुसता हात लांब केला, तो पोचला नाही. मॅडमच उठली आणि त्याच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. ती म्हणाली, "काका, विचारायला मीही हवं होतं. मी एकदाच विचारलं आणि मला हवं ते उत्तर मिळालं म्हणून पुढं गेले." दादा टोपीनं तोंड पुसत राहिला. तुझ्या जाण्यानंतर तो रडलेला मी पहिल्यांदा बघितला.

मग तिनं मला विचारलं, "मावशींचा खरा आकडा किती होता?"

मला सांगता आलं नाही. दादाला विचारलं, त्यालाही सांगता आलं नाही. तिनं तुझ्या नावापुढचे दोन खोडले आणि ती जागा मोकळी ठेवली. दुसरी तुकडी तूर्त थांबलीय, वैनी. पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांना ती पुन्हा भेटणार आहे, घरी जाऊन, जेवणावेळी, घरच्यांसकट विचारणार आहे. माझी सुई कधी, ते तिलाही ठाऊक नाही. निघताना ती माझ्या गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, "तुमचे आठ मी लिहिलेत." मला त्याचं का बरं वाटलं कुणास ठाऊक, पण वाटलं.

येताना फाटक पुन्हा बंद होतं. गाडी उभी राहिल्यावर दादा म्हणाला, "त्या पोरीचं त्वांड फुललं की तिला लय बरं वाटायचं. घरी यिऊन दोन दिस त्येच सांगायची. त्येवढं तरी खरं हुतं, मंदे." मी म्हटलं, हो दादा, तेवढं खरं होतं.

आता मी भुशीच्या घरात फळीवर आहे. बाहेर गाड्या अडकल्यात, हॉर्न वाजतायत. माझ्या वाट्याच्या ओळी तू लावल्यास, त्या मी कशा फेडायच्या ते मला कधीच सुचलं नव्हतं. तुझ्या वाट्याचं बोलायचं काम मी केलं, असं समज. पण तुझ्या नावापुढं मॅडमनं जी जागा मोकळी सोडलीय ना, ती आता कायमची मोकळी राहणार. आपण ओसरीवर शेजारी शेजारी पडायचो, जास्त कुणाची दुखते म्हणून भांडायचो, हसायचो. डॉक्टरला नसतं सांगितलंस तर चाललं असतं, दादालाही नको. मला तरी एकदा सांगायचंस गं वैनी, तुझी किती दुखत होती.